चुलीकडे जाणारा तोल

उंबरटेप, पोलादपूरच्या वर
१२ जून २०२५

चि. मैथू,

भरपूर आशीर्वाद, आणि सोबत थोडी माफी. पोचल्याबरोबर पत्र टाकतो म्हणालो होतो, त्याला तीन आठवडे झाले. इथे फोनला रेंज नाही याचं तुला दुःख आणि मला सुख. फोनवर तू बीपी विचारतेस आणि ठेवून देतेस. पत्रात निदान मला बोलू द्यावं लागेल. अश्विनची जीप सोमवारी आणि गुरुवारी खाली उतरते. पत्र महाडला तुझ्या कॉलेजात पोचवायचं आणि तुझं आणायचं, असं त्यानं कबूल केलंय.

भागोजीनं जुन्या घराच्या दोन खोल्या सारवून दिल्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेवर होतो, तेव्हापासूनचा हा दोस्त. त्याची बायको रंगूबाई दोन वेळ भाकरी पाठवते आणि नात निशिगंधा, अकरावीतली, माझ्या गोळ्यांची वेळ पाळते. तेव्हा काळजी नको.

तू विचारशील, आराम चालू आहे ना? नुसता आराम करायला माणूस फार कर्तबगार लागतो, मला जमत नाही. सकाळी बाटलीला नरसाळं लावून पाऊस मोजतो. वर झऱ्यावर जाऊन किती पाणी येतं ते घड्याळ लावून बघतो. पक्ष्यांची नोंद ठेवतो. दर रविवारी एकाच खडकावर बसून वाडीमागच्या डोंगराचं चित्र काढतो. त्यात उतारावर एकटंच ऐनाचं झाड आहे, ते छान ताठ उभं राहतं. बायकांच्या तोंडचे शब्द लिहून घेतो. भागोजीकडून कणगी विणायला शिकतोय, ती अजून टोपलीच्या वर गेलेली नाही. आणि देवळातली पेटी खोलून बसलोय, तिचे तीन सूर मुके आहेत. प्रत्येकाची वही वेगळी. शास्त्राच्या मास्तरची खोड, दोन प्रयोग एका वहीत घालायचे नाहीत. पस्तीस वर्षं पोरांचे हात यासाठी लाल केले.

डॉक्टर म्हणाले होते, ताकद जपून वापरा. किती ते म्हणाले नाहीत. मग मीच माप ठरवलं. सकाळी सदऱ्याच्या डाव्या खिशात कडव्या वालाचे दहा दाणे टाकतो. आंघोळीला एक, झऱ्याला तीन, चित्राला दोन. काम झालं की दाणा उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की अंथरूण धरायचं. रंगूबाई म्हणाली, “मास्तर, धा वालांत कुनाचा भागलाय कधी?” तिला काय सांगू? सत्तर वर्षं पोत्यानं उधळलं, आता चिमटीत धरायची वेळ आली. आवडी मात्र एकही कमी व्हायला तयार नाही.

तुझा,
दत्तूकाका


महाड
१६ जून

ती. काका,

नमस्कार. पत्र वाचून आधी हसले आणि मग इतका राग आला की दोन तास काही सुचलं नाही. फेब्रुवारीत तुमच्या छातीत दोन नळ्या घातल्या आणि जूनमध्ये तुम्ही डोंगर चढून झरा मोजताय! आजी तुम्हा दोघा भावांना म्हणायची ना, एक ना धड भाराभर चिंध्या. दहा वाल मोजता आणि त्यातले तीन झऱ्यावर सांडून येता.

काका, मी चेष्टेत बोलत नाही. बाबा असेच होते. तबला, नाटक, वाचनालय, शिवाय पोरांना घेऊन गडावर. चौपन्नाव्या वर्षी तालमीत दुसऱ्या अंकाच्या मध्ये खाली बसले ते उठलेच नाहीत. मी सतरा वर्षांची होते. त्यांच्या कपाटात अर्धवट वह्यांचे गठ्ठे निघाले, ते आई कितीतरी वर्षं झटकून परत ठेवायची. मला पुन्हा अर्धवट वह्यांची वारस व्हायचं नाही. मला तुम्ही हवे आहात. तुमच्याशिवाय मला आता मोठं कुणी उरलेलं नाही.

म्हणून आता माझं ऐका. झरा बंद. भिजत पाऊस मोजणं बंद. रविवारचा खडक बंद. शब्द, पेटी आणि कणगी ठेवा, ती बसून होतात. पक्षी दारातून दिसतील तेवढेच. तुम्ही बाकीच्या वह्या मिटल्याचं पत्र आलं नाही, तर मी रजा टाकून येईन आणि तुम्हाला उचलून महाडला आणीन.

तुमची,
मैथिली


उंबरटेप
३० जून

चि. मैथू,

हुकूम पाळला. तीन वह्या मिटून फडताळात ठेवल्या. झऱ्याची वही मिटताना जरा वाईट वाटलं, कारण शेवटच्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त होतं आणि रंग चहासारखा तांबूस. पाऊस फारसा नसताना पाणी वाढलं कसं, हा प्रश्न समासात लिहिला आणि वही बंद केली. चित्रांची वही सोडायचं म्हणशील, तर आता तसंही मन नव्हतं. दोन रविवार ऐनाचं झाड वाकडंच येत होतं. हात थरथरायला लागला असणार. फळ्यावर हातानं वर्तुळ काढणारा मी, मला सरळ झाड जमेना. वयापुढे कुणाचं चालतं?

एक गोष्ट लपवणार होतो, पण निशिगंधा म्हणाली की ताईला लिहिलं नाहीत तर मी लिहीन. हल्ली माजघरातून चालताना तोल जातो. पडत नाही, नुसता चुलीकडे ओढल्यासारखा होतो. गंमत म्हणजे नेहमी चुलीकडेच. भूक म्हणावी, तर जेवण झाल्यावरसुद्धा. काल सुपारी कातरताना खांड निसटलं, ते घरंगळत थेट चुलीपाशी गेलं. उचलायला गेलो आणि भिंत धरून बसलो. त्या दिवशी दुपारीच खिसा रिकामा झाला होता.

पेटीचा एक सूर बोलायला लागलाय.

तुझा,
काका


महाड
३ जुलै

ती. काका,

आज सकाळीच डॉक्टरांना गाठून तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, खाली घेऊन या. मी म्हटलं, चालत तीन किलोमीटर उतरायचं आणि मग जीप, तुम्हाला झेपणार नाही. मग त्यांनी चक्करेची एक गोळी लिहून दिली. सोबत पाठवतेय, रात्री एक आणि सकाळी एक. थोडी झोप येईल, ती येऊ द्या.

एका बाजूलाच तोल जाणं हे चक्करेचंच लक्षण. आईला कानाचा त्रास होता तेव्हा असंच व्हायचं. वाडीत सगळ्यांना सांगून ठेवा की तुम्हाला चक्कर येते, म्हणजे कुणी एकटं सोडणार नाही. आणि वाल आता दहा नाहीत, सहा. मला उलट उत्तर नकोय.

वह्या मिटल्यात हे वाचून किती बरं वाटलं, कसं सांगू.

तुमची,
मैथिली


उंबरटेप
१४ जुलै

चि. मैथू,

सहा वालांत माणूस जगतो, एवढंच म्हणेन. तुझी गोळी नामी आहे. सकाळी नऊला डुलकी लागते ती बाराला उतरते. तोल अजून जातोच, पण मी आता उभाच कमी राहतो. वाडीत डांगोरा पिटला आहे. एकोणीसच्या एकोणीस घरांत माहीत झालंय की मास्तरांना चक्कर येते. पोरं ओटीवरून जाताना मुद्दाम तिरपी चालून दाखवतात. मीही हसतो, अंगणात बसून दुसरं काय करणार?

भागोजी वैतागलाय. रंगूबाईच्या मागच्या दाराला दोनदा रंधा मारला, तरी ते लागत नाही. लाकूड फुगलं म्हणतो. गाभण म्हैस त्या दारानं आत बांधायची असते, ती चौकटीशी अडून बसते.

शब्दांच्या वहीत मात्र सोनं सापडलं. वरच्या आळीतली साळूबाई नव्वदीची आहे. मी सहज म्हटलं की झऱ्याचं पाणी लाल आहे, तर म्हणाली, “पानी तांबडा झाला का डोंगर पाय काढतो. आमच्या आयनी सांगलेला.” डोंगर पाय काढतो! काय शब्द आहे बघ. पाहुणा नकळत निघून जावा तसा डोंगर. ‘प’ अक्षराखाली नोंद केली आणि खुशीत झोपलो.

तुझा,
काका


महाड
१७ जुलै

ती. काका,

साळूबाईंचा शब्द वर्गात सांगितला, पोरांना आवडला. तुम्ही झोपताय हे वाचून मीही बऱ्याच दिवसांनी नीट झोपले. एक कबूल करू? मीही गाण्याचा क्लास सोडलाय. कॉलेज, घर आणि गाणं होईना. दमणं थांबलं, पण संध्याकाळी घर फार गप्प वाटतं.

मिटलेल्या वह्या तिथे दमट हवेत खराब होतील आणि तुम्हाला मोहही होईल. गठ्ठा बांधून सोमवारी अश्विनकडे द्या. मी जपून ठेवीन.

तुमची,
मैथिली


उंबरटेप
२१ जुलै, सकाळ

मैथू,

गठ्ठा पाठवत नाही. तो बांधायला शुक्रवारी वह्या फडताळातून काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्या एकाच पाटावर ठेवल्या. वाचू नये म्हणत होतो, वाचल्या. मग गोळी घेतली नाही.

तारखा बघ. बावीस जूनला झऱ्याचं पाणी वाढलं आणि लाल झालं, पाऊस नसताना. त्याच रविवारी चित्रातलं ऐनाचं झाड पहिल्यांदा वाकलं, आणि आता कळतंय की ते तसंच उभं होतं, हात माझा सरळच होता. सव्वीसला तोल चुलीकडे जायला लागला. चूल डोंगराच्या उलट अंगाला आहे, उताराकडे. जुलैत दार लागेनासं झालं. आणि साळूबाईनं तर मला तोंडावर सांगितलं, ते मी शब्दकोशात घातलं. सगळं माझ्याच अक्षरात होतं, पोरी. वेगवेगळ्या वह्यांत होतं, म्हणून वाचता आलं नाही. आणि स्वतःच्या शरीराकडे इतका बघत बसलो की प्रत्येक खूण मला माझ्याच म्हातारपणाची वाटली.

चक्कर मला नाही. वाडी कलते आहे.

शनिवारी चार घरांत भिंतीच्या भेगांवर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. रविवारी चारही फाटलेल्या होत्या. लोकांना दाखवल्या तर म्हणाले, दमट हवेनं फाटल्या. वाडीच्या वर जाऊन आलो. उतारावर आडवी चीर गेली आहे, तिच्यात माझी काठी मुठीपर्यंत जाते. तेही सांगितलं. सगळे माझ्याकडे मायेनं बघत होते. कुणीतरी निशिगंधाला हळूच विचारलं, मास्तरांनी आज गोळी घेतली का? यात तुझी चूक नाही. डांगोरा मीच पिटला.

काल रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही. आता घरोघर जाऊन सगळ्यांना खाली, जीपच्या रस्त्याजवळच्या शाळेत चला म्हणणार आहे. पटलं तर ठीक, नाही पटलं तर दारात बसून राहीन, म्हाताऱ्या मास्तरला पावसात बसवून जेवायला यांचा जीव होणार नाही. वरची आळी शेवटची, तिथे चढ आहे. आज वाल खिशात टाकलेच नाहीत. मोजायला बसलो तर पुरणार नाहीत हे दिसतंय, मग मोजून करू काय?

तू रागावशील. रागाव. पण तहसील कार्यालयात आजच जा आणि हे पत्र दाखव.

काका


खालची शाळा, उंबरटेप
२४ जुलै

मैथिलीताईंस,

भागोजीचा नमस्कार. मी सांगतोय आनि निशिगंधा लिहितेय. फोन लागत नाय म्हनून अश्विनकडे चिठ्ठी देतोय.

मास्तर कसे हायत ते आदी कळवा. सोमवारी त्यांनी येकोनीस घरा फिरली. कुनाशी भांडले नाय. दारात बसायचे आनि म्हनायचे, माज्यासाठी दोन दिस खाली चला, मग मला येडा म्हना. वरच्या आळीला मी त्यांना धरून नेला. दर धा पावलांवर बसत होते. साळूबाईला पोरांनी झोळीतून उतरवली, ती शेवटची. शाळेच्या पायरीवर आले, मानसा मोजली, सत्त्याहत्तर भरली, आनि तिथंच आडवे झाले. मग अश्विननी तुमच्याकडं आनला.

ताई, खरा सांगतो. लोक डोंगराला भिऊन नाय उतरले, मास्तरांच्या भिडंनी उतरले. आता ते हितं नायत. कालपासून ऊन पडलाय. डोंगर जाग्यावर हाय. शाळेत येका खोलीत पंचवीस मानसा झोपतात. लावणी अर्धी राहिलीय. आमची गाभन म्हस दारातून निघालीच नाय, ती वरच हाय, तिचे दिस भरलेत. रंगू रडते.

उद्या सकाळी लोक वर जायाचा म्हनतात. मी म्हटला, ताईला इचारू. तुम्ही डाक्टरांशी बोलता. मास्तरांना खरंच चक्कर व्हती का? तसा आसंल तर मग डोंगराचा काय नाय, आमी घरी जातो. नसंल तर तसा लिवा. तुमच्या शब्दावर लोक थांबतील.

भागोजी


महाड, दवाखान्यातून
२४ जुलै, संध्याकाळ

भागोजीकाका,

साष्टांग नमस्कार. हे पत्र निशिगंधाकडून शाळेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या.

काकांना चक्कर नव्हती. एक दिवसही नव्हती. डॉक्टरांनी इथे नीट तपासलं, कान ठीक आहेत, डोकं ठीक आहे. हृदय मात्र फार थकलंय. चक्कर हा शब्द माझा होता. डॉक्टर म्हणत होते तपासायला आणा, मीच नाही म्हटलं आणि गोळी मागून घेतली. झऱ्यावर जाऊ नका हे मीच लिहिलं, डोंगराचं चित्र मीच बंद केलं. त्यांची ताकद वाचवायच्या नादात मी त्यांचे डोळे बांधले, आणि तुमचेही. त्यांच्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसला नाही, तो माझ्यामुळे. तुम्ही मला हवी ती शिक्षा द्या, पण वर जाऊ नका. ऊन पडलं म्हणून चीर बुजत नाही, आतलं पाणी अजून उतरतंय. तहसीलमधली माणसं उद्या दुपारपर्यंत पोचतायत, तोवर एकानंही जाऊ नका. म्हशीसाठीसुद्धा नाही. रंगूकाकूंना सांगा, मी पाया पडते.

काका अजून बोलत नाहीत. हात धरला तर बोटं हलवतात. डोळे उघडतील तेव्हा ते पहिल्यांदा माझी चौकशी करणार नाहीत, वाडी कुठे आहे ते विचारतील. खाली आहे, एवढं मला त्यांना सांगता आलं पाहिजे.

मैथिली


खालची शाळा
२५ जुलै

मैथिलीताई,

तुमचं पत्र अश्विनदादानं आज सकाळी नऊ वाजता आणून दिलं. मी ते सगळ्यांसमोर वाचलं. तेरा माणसं बोचकी बांधून निघाली होती, ती परत बसली. साळूआजीनं तुमच्या पत्राला हात लावून कपाळाला लावला.

आबांनीच तुम्हाला विचारलं होतं, पण ते तेव्हा इथे नव्हते. पहाटे रंगूआजी उठायच्या आधीच ते वर गेले होते. मला उठवून म्हणाले, “म्हस बघून येतो, पत्र येयाच्या आत खाली हाय बघ.” मी त्यांना अडवलं नाही. मला वाटलं, एवढ्याशा वेळात काय होणार आहे.

साडेनऊला आवाज झाला. डंपरमधून दगड ओततात तसा, पण तो थांबलाच नाही. धूळ बसल्यावर आम्ही पाहिलं तर वाडीच्या जागी नुसती लाल माती होती, पार ओढ्यापर्यंत. एकही कौल दिसत नाही. तहसीलची माणसं आली आहेत, आमची माणसंही फावडी घेऊन गेली आहेत. आता चार वाजलेत. आजी शाळेच्या पायरीवर बसून आहे, तिनं सकाळपासून पाणी घेतलेलं नाही.

ताई, मास्तर शुद्धीवर आले तर त्यांना सांगा, वाडी खाली आहे, शहात्तर माणसं सुखरूप आहेत. नको, आकडा नका सांगू, त्यांना सत्त्याहत्तर पाठ असणार. नुसतं खाली आहे म्हणा. आबांचं आत्ताच सांगू नका. त्यांना ते झेपायचं नाही.

निशिगंधा